टॅपेटचा आवाज

माझ्या लिहायच्या टेबलाच्या खणात चार पेनं, शाईची एक सुकलेली दौत, जुन्या दिवाळी अंकांतली कात्रणं आणि एक फीलर गेज आहे. घरी येणारे कविमित्र पेन शोधायला खण उघडतात आणि विचारतात, ‘हे काय? नेलकटर का?’ फीलर गेज म्हणजे पोलादी पट्ट्यांचा एक जुडगा. पत्त्यांसारखा पसरतो आणि प्रत्येक पट्टीवर तिची जाडी कोरलेली असते. त्यातली सगळ्यात पातळ पट्टी 0.05 मिलिमीटरची आहे. एका मिलिमीटरचे वीस भाग करा, त्यातला एक. डोक्याचा केस साधारण याच मापाचा, किंवा थोडा जाड. माझ्या गाडीच्या इंजिनात एवढीच एक फट ठेवावी लागते. ती फट मी एकदा मिटवली होती. त्याची गोष्ट आज सांगायची आहे.

गाडी माझ्या अब्बांची. हीरो होंडा सीडी 100. अब्बा डोंबिवलीच्या एमआयडीसीत फिटर होते. राहायला आम्ही पश्चिमेला, खाडीच्या बाजूला, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. पश्चिमेकडून कोपरच्या पुलावरून पूर्वेला आणि तिथून एमआयडीसी, असा त्यांचा रोजचा सायकलचा रस्ता. ओव्हरटाइमचे पैसे साठवून त्यांनी 1988 साली ही गाडी घेतली. त्या काळी दुचाकी म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे स्कूटर यायची, आणि तिच्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं. स्कूटर काय, राजदूत काय, येझदी काय, सगळ्या टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, मागे निळा धूर सोडायचा. सीडी 100 ही 1985 साली धारूहेड्याच्या कारखान्यातून बाहेर पडली. ती फोर-स्ट्रोक. जपानमध्ये 1958 साली सुपर कब नावाची एक छोटी गाडी निघाली होती. 2017 पर्यंत तिच्या दहा कोटींहून जास्त गाड्या जगात तयार झाल्या. त्याच घराण्यातलं हे आडवं, छोटं इंजिन. जाहिरातीत लिटरला ऐंशी किलोमीटर सांगायचे. अब्बा त्या आकड्याला हसायचे, पण पेट्रोलचा हिशेब वहीत लिहायचे.

टू-स्ट्रोकवर हात बसलेल्या मिस्त्रींना ही गाडी सुरुवातीला कोड्यात टाकायची. कारण स्कूटरच्या इंजिनात वॉल्व्ह नसतात. वायू आत-बाहेर करायला सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात आणि पिस्टन जाता-येता त्या उघडतो, झाकतो. फोर-स्ट्रोकमध्ये मात्र दोन वॉल्व्ह आले. आकार भूछत्रासारखा, एक दांडी आणि तिच्या टोकाला चपटी टोपी. एक पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घेतो, दुसरा जळलेला धूर सायलेन्सरकडे सोडतो. स्प्रिंग त्यांना बंद ठेवते. कॅम फिरला की रॉकर नावाचा छोटा दांडा वॉल्व्हच्या दांडीवर दाब देतो आणि वॉल्व्ह उघडतो. इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे मारत असेल तर प्रत्येक वॉल्व्ह मिनिटाला अडीच हजार वेळा उघडतो, तितक्याच वेळा मिटतो. म्हणजे सेकंदाला चाळीसहून जास्त वेळा. रॉकरच्या टोकाला एक छोटा स्क्रू असतो. वॉल्व्ह बंद असताना त्या स्क्रूच्या आणि वॉल्व्हच्या दांडीच्या मध्ये केसभर फट ठेवायची. यालाच गॅरेजमध्ये टॅपेटचा गॅप म्हणतात.

ही फट कशासाठी? तर इंजिन तापतं, वॉल्व्हही तापतो आणि तापलेलं लोखंड लांब होतं. फट नसेल तर लांब झालेली दांडी रॉकरला टेकते आणि वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. फट असते म्हणूनच टॅपेटचा एक बारीक टिकटिक आवाज येतो. शिवणयंत्र शेजारच्या खोलीत चालू असावं तसा.

अब्बांना तो आवाज पाठ होता. रविवारी सकाळी, पहिली किक मारायच्या आधी, ते पाना घेऊन बसत. मी तेव्हा बीएच्या वर्गात मराठी कवितेच्या तासांना बसत होतो. ते हाक मारायचे, ‘जरा बॅटरी धर.’ मी बॅटरी धरायचो आणि मनातल्या मनात ओळी जुळवायचो. ते काय करतात याकडे माझं लक्ष कधीच नव्हतं.

मग 26 जुलै 2005 आली. तो दिवस मुंबई-ठाण्याच्या माणसाला सांगावा लागत नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या बंद पडल्या, माणसं रुळांवरून चालत घरी आली. इकडे उल्हास नदी फुगली आणि खाडीकाठची आमची वस्ती पाण्यात गेली. आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे रात्र काढली. त्यांच्या चार भांड्यांत आमची चार माणसं जेवली. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा घरात गुडघाभर चिखल होता. माझ्या कवितांच्या वह्यांचा लगदा झाला होता आणि भिंतीला टेकून उभी असलेली गाडी टाकीपर्यंत गाळानं माखली होती. अब्बांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग म्हणाले, ‘किक मारू नका कुणी. आत पाणी आहे.’

त्या घरात पुन्हा राहणं मला नको होतं. ऑगस्टमध्ये मी पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर भाड्याची जागा घेतली. मी कल्याणच्या एका शाळेच्या कचेरीत कारकून. पगार बेताचा, पण निदान पाणी येणार नाही, हा दिलासा. अब्बांना ती जागा आवडली नाही. खाडीचा वारा येत नाही, जिन्यानं गुडघे दुखतात, शेजारी दार लावून बसतात, चहाला पाण्याचा वास येतो, असं दिवसभर काहीतरी चालू असायचं. मला तो आवाज सहन होईना.

गाडी मात्र दुरुस्त करायची ठरली. आमचे मिस्त्री मूळचे मालवणकडचे, वयानं अब्बांच्या बरोबरीचे. पुरानंतर त्यांच्या गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागली होती. मला म्हणाले, ‘कविराज, माणूस कमी आहे. रविवारी येऊन हात लावाल तर तुमची लवकर होईल.’ मी गेलो. इंजिन उतरवलं. ऑइलच्या जागी चहासारखं पाणी निघालं. ब्लॉकला गंज चढलेला, रिंगा चिकटलेल्या. ब्लॉक लेथवर नेऊन बोअर करून आणला, मोठ्या मापाचा पिस्टन बसवला, बेअरिंगं आणि टायमिंग चेन बदलली. वॉल्व्हच्या कडांना आणि ते जिथं टेकतात त्या सीटला गंजाचे बारीक खड्डे पडले होते. मिस्त्रींनी कडेला ग्राइंडिंग पेस्ट लावली आणि वॉल्व्ह हातानं गोल गोल फिरवत सीटवर घासायला मला बसवलं. तासाभरानं कडेवर एकसारखा राखाडी पट्टा आला. मग हेड उलटं धरून भोकात पेट्रोल ओतलं. वॉल्व्हखालून थेंब पाझरला नाही. ‘बसला,’ मिस्त्री म्हणाले.

त्यांनी तेव्हा एक गोष्ट सांगितली होती. वॉल्व्ह घासला की तो सीटमध्ये थोडा खोल जातो. टोपी खोल गेली की दांडीचं दुसरं टोक रॉकरच्या बाजूला वर येतं. म्हणजे फट कमी होते. म्हणून इंजिन बांधल्यावर टॅपेट नव्यानं लावायचं. आणि गाडी चालू लागल्यावर वॉल्व्ह आणखी थोडा बसतो, म्हणून पाचशे किलोमीटरला परत बघायचं. मी मान डोलावली. कवी लोक मान डोलावण्यात पटाईत असतात.

त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली होती. दिवाळीच्या आदल्या दिवशी गाडी सुरू झाली. घराखाली आणून उभी केली, तर तीच टिकटिक. नवं इंजिन, एवढे पैसे घातलेले, आणि आवाज शिवणयंत्राचा! मला वाटलं, मिस्त्रींनी घाईत काम उरकलं. ईदच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः पाना घेतला, टोपणं उघडली आणि आवाज जाईपर्यंत दोन्ही स्क्रू आवळले. मोजलं काही नाही, कानानंच ठरवलं. किक मारली, तर इंजिन लोण्यासारखं चालू लागलं.

अब्बा गॅलरीत उभे होते. वरूनच म्हणाले, ‘टॅपेट आवळलेस का रे? आवाज गेला, ते बरं नाही.’

मी वर गेलो आणि जे बोललो ते आजही आठवतं. म्हणालो, ‘अब्बा, आता पुरे. घराची कटकट, चहाची कटकट, आता गाडीचीही कटकट. जरा शांतता मिळू द्या.’

ते काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून दोन्ही आवाज बंद झाले. अब्बा सकाळी वर्तमानपत्र वाचायचे, पुढ्यात येईल ते जेवायचे, गॅलरीत बसून राहायचे. मी बायकोला म्हणालो, ‘बघ, रुळले की नाही?’ ती म्हणाली, ‘मला नाही वाटत.’ मी तिकडेही लक्ष दिलं नाही. गाडी छान चालत होती. किक तर दिवसेंदिवस हलकी लागत होती. मला वाटलं, इंजिन मोकळं होतंय.

जानेवारीतल्या एका पहाटे अब्बांना दम लागला. घाम फुटला होता, हात थंड पडले होते. दवाखाना गाडीवरून दहा मिनिटांवर. मी आणि बायकोनं त्यांना कसंबसं खाली आणलं. मी किक मारली. गाडी सुरू होईना. पुन्हा मारली, वीस वेळा मारली. पाय नुसता खाली जात होता, आत काही पकडतच नव्हतं. अब्बा पायरीवर बसून माझ्याकडे बघत होते. शेवटी बायको रस्त्यावर धावली आणि रिक्षा घेऊन आली. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील.

अब्बा वाचले. हृदयविकाराचा झटका होता. तपासताना डॉक्टरांनी विचारलं, ‘बाबा, छातीत कधीपासून दुखतंय?’ अब्बा म्हणाले, ‘आठ-दहा दिवस झाले.’ डॉक्टर म्हणाले, ‘मग घरी सांगितलं का नाही?’ अब्बांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. छताकडे बघत हळूच म्हणाले, ‘म्हटलं, उगाच कटकट कशाला.’

श्रोतेहो, त्यानंतर मला कुणी कधी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

अब्बा घरी आल्यावर मी गाडी ढकलत मिस्त्रींकडे नेली. त्यांनी हेड उतरवलं, धूर सोडणारा वॉल्व्ह काढून माझ्या तळहातावर ठेवला. त्याची कड एका बाजूला खाल्ल्यासारखी जळाली होती. ते समजावू लागले. धूर सोडणाऱ्या वॉल्व्हभोवतून सतत आग जाते. तो थंड होतो तो मुख्यतः मिटलेला असताना. कड सीटला टेकते आणि अंगातली उष्णता तिथून हेडमध्ये जाते. फट नसली की तो पूर्ण टेकत नाही. मग उष्णता बाहेर जायला वाट नाही, आणि उरलेल्या चिरेतून पेटलेला वायू सुटत राहतो. कड जळते, दाब निसटतो. दाब निसटला म्हणून किक हलकी लागत होती. ज्याला मी मोकळेपणा म्हणत होतो, तो आजार होता.

‘टॅपेट वाजतो तेव्हा निदान तो आहे हे कळतं,’ मिस्त्री म्हणाले. ‘गप्प झाला की समजावं, आत काहीतरी जळतंय.’

मला गाडीचं ऐकू येत होतं, पण मी दवाखान्यातल्या छताकडे बघणारे अब्बा पाहत होतो.

आणखी एक गोष्ट मिस्त्रींनी सांगितली, ती विसरू नये. आवाज बरा म्हणून फट वाढवत न्यायचीही नसते. फट जास्त झाली तर वॉल्व्ह उशिरा उघडतो, कमी उघडतो, गाडीचा जोर जातो. रॉकर दांडीवर हातोडीसारखा आपटतो आणि दोन्ही झिजतात. माझा धाकटा भाऊ नोकरीसाठी आखाती देशात गेला होता. त्याच्या आणि आमच्या मध्ये अशीच फट वाढली होती. ईदला एक फोन यायचा, तोही खडखडाट करणारा. म्हणजे एकाच घरात एक टॅपेट आवळलेला आणि एक सैल.

नवा वॉल्व्ह बसला, पुन्हा घासणं झालं, पुन्हा पेट्रोल ओतून पाहिलं. पाचशे किलोमीटर झाले तेव्हा मी अब्बांना म्हणालो, ‘टॅपेट बघायचाय. मला येत नाही. तुम्ही सांगाल का?’ ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘रविवारी. सकाळी. गाडी थंड असताना.’

रविवारी आम्ही त्यांना खुर्चीसकट खाली आणलं. त्यांनी जसं सांगितलं तसं मी केलं. इंजिनच्या डाव्या बाजूला मॅग्नेटच्या कव्हरवर दोन टोपणं असतात, ती उघडली. खालच्यातून पाना घालून क्रँक घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवायचा आणि वरच्या भोकातून चाकावरची ‘टी’ ही खूण दिसायची वाट बघायची. ती कव्हरवरच्या खाचेसमोर आली की पिस्टन सगळ्यात वर असतो. मी म्हणालो, ‘आली.’ अब्बा म्हणाले, ‘घाई नको. पिस्टन दोनदा वर येतो. एकदा मिश्रण दाबताना आणि एकदा धूर बाहेर ढकलताना. दोन्ही रॉकर हलवून बघ.’ हलवले, तर घट्ट. ‘मग ही दुसरी वेळ. आणखी एक पूर्ण फेरा मार.’ मारला. आता दोन्ही रॉकर बोटानं किंचित हलत होते.

मग लॉक नट सैल करायचा, 0.05 ची पट्टी स्क्रू आणि दांडी यांच्या मध्ये सरकवायची आणि पट्टी ओढताना जरा अडेल इतपतच स्क्रू टेकवायचा. ‘किती अडायला हवी?’ मी विचारलं. अब्बा म्हणाले, ‘भरलेल्या वहीखालून एखादा कागद ओढून काढतोस ना, तेवढी. फाटायला नको, निसटायलाही नको.’ बेत जमला की स्क्रू तसाच धरून नट आवळायचा. आणि इथंच नवशिका फसतो. नट आवळताना स्क्रू त्याच्याबरोबर थोडा फिरतो, माप बदलतं. म्हणून आवळून झाल्यावर पट्टी पुन्हा घालून बघायची. माझं माप तीनदा चुकलं. चौथ्यांदा अब्बांनी हात पुढे केला, पट्टी स्वतः ओढून पाहिली आणि म्हणाले, ‘जमलं.’

किक मारली. पाय घट्ट लागला. दुसऱ्या किकला इंजिन सुरू झालं, आणि आवाज आला, बारीक टिकटिक. अब्बांनी डोळे मिटून ऐकलं. मग डोळे उघडून म्हणाले, ‘आता वर चल. आणि त्या चहाचं काहीतरी कर. पाण्याचा वास येतो.’

बायकोनं त्याच दिवशी पाण्याच्या टाकीची चौकशी केली. टाकी कित्येक महिने धुतलेली नव्हती. चहाला खरंच वास येत होता.

अब्बा त्यानंतर चार वर्षं जगले. त्या चार वर्षांत त्यांनी खूप तक्रारी केल्या. काही माझ्या कवितांबद्दलही होत्या. मी सगळ्या मानल्या असं नाही, पण ऐकून घेतल्या. कधी मीही त्यांना उलट सुनावलं. अशी बोलाचाली झाली की बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, ‘टॅपेट वाजतोय.’ आणि आम्ही दोघं हसायचो.

गाडी अजून आहे. दर पाच वर्षांनी तिची नोंदणी नव्यानं करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. मिस्त्रींचं गॅरेज आता नाही, तिथं मोबाइलचं दुकान आहे. माझी मुलगी विजेवरची स्कूटर चालवते. तिच्यात वॉल्व्ह नाही, रॉकर नाही, टॅपेट नाही. ती गाडी चांगली आहे आणि पुढचा काळ बहुधा तिचाच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त एवढंच की, माणसांमधला टॅपेट कुठलीही कंपनी काढून टाकणार नाही. तो आपल्यालाच बघावा लागेल. गाडी तापलेली असताना नव्हे. थंड असताना, सकाळच्या वेळी, घाई न करता.

आता रविवारी बॅटरी मुलगी धरते. तिचं लक्ष मोबाइलमध्ये असतं, माझं कवितेत असायचं तसं. मी काही बोलत नाही. गेल्या महिन्यात पट्टी ओढून, नट आवळून, पुन्हा पट्टी घालून मी किक मारली आणि तिला विचारलं, ‘आवाज येतोय का?’

ती म्हणाली, ‘येतोय थोडा. काढायचा का?’

मी म्हणालो, ‘नको. राहू दे.’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)